जयूचा कोरा चेहरा

खारघर

प्रिय जयू, ताईचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. मातीकामाच्या स्टुडिओतला कालचा पोरगेला शिक्षक म्हणतो, "आजी, पुतळे राहू द्या, तुमचे कप छान असतात." आजी म्हणे! कपांनी कपाट भरलं आणि चहा पिणारी मी एकटी. म्हणून आता माणसं घडवते.

पहिली तूच. सवयीने तुझं धड चाकावर चढवलं, त्यामुळे रांजणासारखी दिसतेस. रागावू नकोस. ओलं फडकं गुंडाळून समोरच्या खुर्चीत ठेवलं आहे.

चेहरा मात्र जमत नाही. फोटोत तू नेहमी हसतेस. माझं बोलणं ऐकताना कशी दिसायचीस, ते आठवत नाही.

तुझ्या विलासरावांचा गुडघा कसा आहे? बरा असेल तर माती ओली आहे तोवर ये. समोर बसून नुसतं ऐक. कप भरपूर आहेत.

तुझीच,
हेमाताई