सामुद्रधुनीबाहेर थांबलेलं जहाज

इंदूर, गुरुवार, संध्याकाळ

आज भाच्याचा, मिहिरचा फोन आला. तो तेलाच्या टँकरवर इंजिनिअर आहे. आखातातून कच्चं तेल भरून निघालेत, पण पुढच्या अरुंद सामुद्रधुनीत जहाजांवर हल्ले होतायत, म्हणून अडकलेत. आपल्या नौदलाचं जहाज आलं की त्याच्या मागोमाग निघणार.

"मावशी, टेन्शन नको घेऊ."

"अन् तुमचे टँकर आलेच नाही तर?"

"साठा आहे ना. थोडे दिवस चालेल."

"फिर?"

"फिर क्या! ट्रक, विमानं, फौजेच्या गाड्या, सगळंच अडेल. तुझी स्कूटीपण."

तेव्हापासून तेच डोक्यात. रोज स्कूटीवर खजरान्याच्या गणपतीला जाते, पण हे पेट्रोल कुणाच्या पहाऱ्यात येतं, कधी मनातही आलं नाही. आणि ते नौदलाचं जहाज? तेही तेलावरच चालत असणार. म्हणजे तेल राखायलाही तेलच? परक्याच्या विहिरीवर एवढं मोठं घर चालवतोय आपण?

आत्ता मेसेज आला, "निघालो. नेव्ही सोबत आहे." लगेच ताईला, त्याच्या आईला, फोन लावला. तिनं आधी देवाचे आभार मानले. मग म्हणाली, "अन् मागे थांबलेल्या जहाजांवरच्या पोरांचं काय गं?"

हे मी विचारलंच नव्हतं.