छबूताईचा टाका सैल नव्हता

प्रिय आत्या,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. दहाव्याला बायका तुमच्याबद्दल किती भरभरून बोलल्या! तुमची सून मात्र नुसती रडत बसली, मला एक शब्द सुचला नाही. आज सुचतोय, कारण आज मला तुमचा राग आलाय. तुमच्यावर रागवायची वेळ तुम्ही माझ्यावर कधी आणलीच नव्हती, म्हणून लिहून काढतेय.

परवा पोरीच्या कॉलेजच्या कामाला सोलापूरला गेले होते. सात रस्त्याजवळच्या एका दुकानात काचेमागं वाकळ दिसली. आपलीच! लुगड्यांचे तुकडे, कडेकडेनं फिरत मधोमध येणारा टाका, चारी कोपऱ्यांवर तुम्ही बसवलेली ती चिमणी. मी हरखून आत गेले. हात लावला आणि कळलं, तुकडे जोडलेलेच नव्हते. कापडावर छापले होते. टाका मशीनचा. वरच्या चिठ्ठीवर आपल्या गावच्या बायकांच्या गटाचा फोटो आणि खाली लिहिलेलं, ‘केमच्या बायकांनी हातानं शिवलेली.’

“हे कुठं तयार होतं?” मी विचारलं.

“अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,” दुकानातली मुलगी म्हणाली. “पाहिजे तेवढ्या मिळतील की.”

फोटोत मी पुढंच बसलेय, आत्या. तिनं ओळखलं नाही.

घरी येऊन तुमची पेटी उघडली. कागद सापडला. त्या कारखान्याच्या मालकाला नक्षी आणि फोटो वापरायची दिलेली परवानगी, दोन वर्षांपूर्वीची. खाली फक्त तुमची सही. गटातल्या दुसऱ्या कुणाचीच नाही. तुमच्या लेकापुढं तो कागद धरला, तर मान खाली घालून म्हणाले, “व्हय, मला ठावं हुतं. त्याच मालकानं मला कामाला लावलं. आई म्हणली, रेखाला सांगू नगं.”

म्हणजे दर सोमवारी डबा बांधून मी नवऱ्याला आठवडाभरासाठी त्याच कारखान्यात धाडत होते!

लेकासाठी केलंत, हे कळतं मला. काम सुटून ते घरी बसले होते, तुमचा जीव तुटत होता. माझाही तुटत होता. पण त्या छापील मालामुळं आपल्या ऑर्डरी आटल्या तेव्हा तुम्ही बायकांना काय सांगितलंत? टाका सैल पडतोय! छबूताईची वाकळ तीनदा उसवायला लावलीत. साऱ्या गटात जिचा हात सगळ्यांत बारीक, तिची! चौथ्यांदा ती सुईदोरा ओसरीवर ठेवून निघून गेली. तेव्हापासून लोकांच्या रानात खुरपायला जाते.

दलालापुढं मान खाली घालू नका, आपल्या कामाचा भाव आपणच सांगायचा, हे आम्हाला कुणी शिकवलं होतं? तुम्हीच ना?

काल छबूताईकडं गेले. ती नुकतीच रानातनं आली होती, पाय धूत होती. सगळं सांगितलं. वाटलं, तुम्हाला शिव्या घालेल. ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

“म्हंजी माजा टाका सैल नव्हता?”

“नव्हता, ताई.”

“मला वाटलं, डोळंच गेलं माजं. पुन्हा सुई धरली न्हाय मी. नातवाची कुंची बी इकत आनली.”

मग ती रडली. तुम्ही गेलात तेव्हाही इतकी रडली नव्हती.

आज सकाळी सगळ्या आपल्या ओसरीवर जमल्या. भागीरथीमावशी तुमच्या बाजूनं भांडली, “तिच्यामुळंच तर घराभायेर पडलो आमी!” खरंच आहे ते. म्हणून तर जास्त लागतं, आत्या. शेवटी मालकाला पत्र लिहिलं, आमचा फोटो आणि गावाचं नाव काढा. सगळ्यांनी सह्या केल्या. नक्षी परत मिळेल असं वाटत नाही. पुण्याची एक संस्था बायकांकडून थेट माल घेते, तिथल्या बाईंना फोन केला. झालं ते काही न लपवता सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या बघायला येणार आहेत. छबूताई आली होती, पण भिंतीला टेकून बसली. सुई अजून हातात घेतली नाही.

ह्यांना नोकरी सोडा, असं मी म्हणाले नाही. म्हणजे तुम्ही केलंत त्यातला घास मीही खातेय. हेही मी आज सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. ते जड गेलं.

आता एक शब्द देते. यापुढं कुठलाही कागद आला, तर तो बायकांमध्ये बसून मोठ्यानं वाचेन आणि माझी सही सगळ्यांत शेवटी करेन. उद्या कुणी माझ्या पोरीचं भलं माझ्यापुढं ठेवलं, तरीही. हे लिहिणं सोपं नाही, आत्या. आई मीही आहे. पण लिहिलं.

तुमची सून,
रेखा