काझानच्या मशिदींवरची तुमची वही

प्रिय बाबा,

उद्या दुपारच्या विमानाने इथले आपले ओळखीचे देशपांडे काका पुण्याला निघालेत. त्यांच्या हँडबॅगेत तुमच्या अस्थी आहेत. सांगलीला जाऊन कृष्णेत तेच सोडणार. मी येत नाहीये. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहायला बसले.

दहा महिने वाट पाहिली हो! अमेरिकेच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अजून अडकलंय. वकीलबाई दर वेळी तेच सांगतात, "बाहेर जायला तुम्हाला कुणी अडवणार नाही. परत कधी येता येईल, ते मात्र मी सांगू शकत नाही." इकडे इराची शाळा, मिशिगनच्या ट्रॉय गावातलं हे घर, माझ्या व्हिसावर असलेला तुमचा जावई समीर. दार उघडं आहे आणि मला पाऊल टाकता येत नाही.

तुम्ही यावर काय म्हणाला असतात, ते मला ठाऊक आहे. तुम्ही काझानबद्दल बोलला असतात.

सगळ्या गोष्टी तुम्ही काझानवरच आणायचात! तरुणपणी स्कॉलरशिपवर सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायला तिथे, रशियात, गेलात आणि तिथल्या तातार मुसलमानांच्या मशिदी डोक्यात घेऊन परत आलात. आईला किती वैताग यायचा! जेवताना पोळीचा तुकडा ताटात उभा करून दाखवायचात, "हा बघ मिनार. बाजूला नाही, छपराच्या मधोमध!" झारने काझान जिंकल्यावर मशिदी पाडल्या, तातारांना शहराबाहेर तळ्यापलीकडे हाकललं. दोनेक शतकांनी एका सम्राज्ञीने दगडी मशीद बांधायची परवानगी दिली, तेव्हा ती रशियन महालासारख्या नक्षीत उभी राहिली. "परवानगी मागून बांधलेली इमारत बघितली की कळते," असं म्हणायचात. मला काही कळायचं नाही. मी मान डोलवायची.

आई गेल्यावर सहा महिन्यांसाठी तुम्हाला इकडे आणलं. चूक झाली का, बाबा? सांगलीत रोज सकाळी गणपती मंदिरापर्यंत चालत जाणारा माणूस! इथे फुटपाथ नाही, बस नाही, आणि नोव्हेंबरपासून बर्फ. आम्ही ऑफिसला, इरा शाळेत. तुम्ही किचनच्या टेबलाशी बसून वही लिहायचात. एकदा इराने विचारलं, "आजोबा, आर यू बोअर्ड?" तुम्ही हसून म्हणालात, "नाही गं. कैदेत लिखाण छान होतं." आम्ही सगळे हसलो.

मग लायब्ररीत तुम्हाला रशिदा आपा भेटल्या. ऐंशीच्या आसपासच्या, तातार, मुलाकडे राहणाऱ्या. त्या दिवशी गाडीत तुम्ही नुसते बोलत होतात! त्यांच्याकडे गावच्या लाकडी मशिदीचा जुना फोटो आहे, वहीत तो हवाच. त्यांच्या पणजीला दोन नावं होती, चर्चच्या वहीत एक, घरात दुसरं. तिच्या आजोबा-पणजोबांना बळजबरीने बाप्तिस्मा दिलेला. एकदा नाव चढलं की पुढच्या पिढ्याही ख्रिस्तीच. परतीची वाट कायद्यानेच बंद.

"शनिवारी नेशील मला त्यांच्याकडे? चाळीस मिनिटं तर आहे."

"नेते ना, बाबा."

पहिल्या शनिवारी माझ्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज होता. दुसऱ्या शनिवारी इराच्या मैत्रिणीचा बर्थडे. तिसऱ्या वेळी काहीच नव्हतं. मी दमले होते, म्हणून कॅन्सल केलं.

चौथ्या आठवड्यात तुम्ही एकटेच निघालात. पत्ता खिशात, पायी! मोठ्या रस्त्याच्या कडेला, बर्फातून. पोलिसाने तुम्हाला घरी आणून सोडलं. दारात त्याच्यासमोर मी तुमच्यावर किती ओरडले! तुम्ही एवढंच म्हणालात, "मला वाटलं, बस मिळेल."

दुसऱ्या दिवशी मी तुमचे बूट गाडीच्या डिकीत टाकून ऑफिसला गेले. त्यानंतर रोजच. तुम्ही कधी विचारलंही नाहीत. का नाही विचारलंत, बाबा? भांडायचं होतं माझ्याशी!

फेब्रुवारीत तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या गेलात.

तेराव्यानंतर रशिदा आपा मुलाला घेऊन घरी आल्या. लायब्ररीतून त्यांना कळलं होतं. फोटो टेबलावर ठेवला. साधं लाकडी घर, छपरातून वर आलेला बारीक मिनार. मी रडत म्हटलं, "मी त्यांना तुमच्याकडे आणलं नाही." त्यांनी माझी समजूत घातली नाही, हे बरं केलं. म्हणाल्या, "मी तीन शनिवार स्वयंपाक करून तुमच्या बाबांची वाट पाहिली. पुढे फोन मीही केला नाही. मलासुद्धा मुलाला विचारूनच बाहेर पडावं लागतं."

त्यांनी चहा घेतला. जाताना फोटो इथेच ठेवून गेल्या.

वही उघडायचा धीर मला गेल्या महिन्यात झाला. दोन नावांच्या माणसांवरचं प्रकरण तुम्ही पुरं केलं होतं. मग त्यावर तिरकी रेघ मारलीत. इराने विचारलं, "आई, व्हाय डिड ही क्रॉस इट आऊट?" मी समासात बघितलं. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, "आज मधुराने बूट नेले. तिचं बरोबर आहे, मी पडलो तर तिचेच हाल. पण हे प्रकरण मी बाहेर उभा राहून लिहिलं, अडकलेल्यांच्या आतून नाही. पुन्हा लिहायला हवं." त्याखाली नवी अडीच पानं. ती मी आजवर तुमचं जे काही वाचलं, त्यात सगळ्यात चांगली आहेत. आणि मधेच तुटली आहेत.

इराला काय सांगितलं माहितेय? "काही नाही, स्पेलिंग चुकलं होतं." खोटं बोलले.

तुम्हाला मी शनिवारचा शब्द दिला होता, म्हणून आता कुठल्याही वाराचा देत नाही. रोज सकाळी ऑफिसच्या आधी दोन पानं टाइप करते आहे. पुस्तक होईल. तिरकी रेघ मारलेलं प्रकरण राहील, नवी अडीच पानं राहतील. आणि समासातली ती ओळ मी गाळणार नाही, बाबा. माझ्या नावासकट छापीन. इराला मी ती स्वतः वाचून दाखवीन.

तुमची,
मधुरा