परीक्षेत नर्स मीच होणार

सिस्टर, मी निवृत्तीनंतर सोलापुरात विद्यापीठाच्या जपानी भाषेच्या वर्गाला जाते. कॉन्व्हेंटमध्ये सातवीत शिकवताना तुम्ही सगळ्या वर्गासमोर मला म्हणाला होतात, "भाषा शिकायला नम्रता लागते. तुझ्याकडे नुसती जीभ आहे." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य मला तुमच्याच आवाजात ऐकू येतं. म्हणून कळवते, लिपी आली, लेखी पेपर पार पडले, आणि जीभ आहे तशीच आहे.

वर्गातली मुलं माझ्या नातवंडांच्या वयाची. बहुतेकांना जपानमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीवर जायचंय, त्यामुळे तोंडी सराव कायम नर्स आणि पेशंटचा. पेशंट कोण, हे विचारायची कुणाला गरजच वाटत नाही. "आजी, तुमीच म्हातारी व्हा की," टेंभुर्णीची माझी जोडीदारीण म्हणते, "तुमाला लई शोभतंय!" सगळं सत्र मी कण्हण्यात घालवलं. तोंडी परीक्षेच्या दिवशी मात्र सरांना सांगितलं, "कण्हण्याचे मार्क मला नकोत. आज नर्स मी." सर हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

ती खुर्चीत बसते. कुठे दुखतंय ते मी विचारते, पाठीमागची उशी सारखी करते, सगळं जपानीत. मग पेशंटला मोजे घालायचे असतात. मी खाली बसले तशी तिने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "न्हाय आजी! माज्या पायाला तुमी हात लावायचा न्हाय. पाप लागंल मला." तेही मराठीत, परीक्षा घेणाऱ्या सरांसमोर!

"पापाचं नंतर बघू," मी दातांतल्या दातांत म्हणाले, "माझे मार्क चाललेत. पाय पुढे कर."

तिने डोळे गच्च मिटून पाय दिला. मी मोजा चढवला, टाचेवर नीट बसवला आणि घट्ट होतोय का, ते जपानीत विचारलं. ती मुसमुसत होती. सरांनी ते पेशंटच्या दुखण्यात धरलं आणि तिलाही मार्क दिले.

आम्ही दोघी पास झालो. माझ्यात नम्रता आली की नाही हे तपासायला तुम्ही नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी ते तपासू देणार नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच एक लिहून टाकते. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी मोसंबी घेऊन दवाखान्यात आले होते. वॉर्डच्या दारातून दिसलं, पांघरूण सरकून तुमचे पाय उघडे पडले होते. ते झाकायला वाकावं लागलं असतं. मी आत आले नाही. मोसंबी घरी नेऊन मीच खाल्ली.