भाऊबीजेचा लाल दिवा

प्रिय दादा,

उद्या पोलीस तुझ्या अपघाताबद्दल माझा जबाब घेणार आहेत. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला आजच पढवलं, "भाऊ गाडी लई जोरात हाकायचा, एवढंच सांग." ते ऐकून अंगाचा नुसता तिळपापड झालाय. तुझ्याशी नाही बोलायचं तर कुणाशी?

तू आणि जोरात? चाकणहून वारूळवाडीला घरी येताना तुझ्या मोटरसायकलला टेम्पोवालेसुद्धा शिव्या घालत पुढे जायचे!

दिव्यांच्या कंपनीत तू लागलास तेव्हा गाडीचा दिवा म्हणजे पत्र्याची वाटी, पुढे काच आणि आत बल्ब. मग काच जाऊन प्लास्टिक आलं, पुढे हॅलोजन, शेवटी एलईडी. "आता बलब उडायची भानगडच न्हाई, शालन," म्हणायचास. बारशाला जमल्यासारखं आम्हाला गोळा करून प्रत्येक नवा दिवा दाखवायचास.

गेल्या भाऊबीजेला तर तू कहरच केलास. लोक बहिणीला ओवाळणीत साडी घालतात, तू माझ्या ताटात आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा लाल दिवा ठेवलास. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. तू मात्र निमगाव सावाच्या आमच्या अंगणात ट्रॉलीखाली आडवा होऊन तो बसवलास. मामंजींना म्हणालास, "मामा, ह्यो आपल्यासाठी नसतो. मागनं येणाऱ्यासाठी असतो."

मग तू मागून येऊन आदळलास त्या दिवशी दिवेलागणीला टोमॅटोने भरलेली तीच ट्रॉली पंक्चर होऊन हायवेवर अंधारात का उभी होती?

तुझ्या दहाव्यानंतर साडी काढायला मी कपाट उघडलं. साड्यांच्या घडीत, पिशवीत गुंडाळलेला तुझा दिवा. सासूबाई म्हणाल्या, "नवाकोरा व्हता. क्रेट भरताना फुटला असता, म्हणून तुझ्या मामंजींनी काढला. तुझ्या भावाची वस्तू, जपून ठिवली."

जपून! वस्तू जपली आणि भाऊ घालवला.

तुझाही राग येतो, दादा. आमची माणसं तुला माहीत नव्हती? टीव्ही येऊन वर्षं झाली तरी रिमोटची पिशवी निघत नाही. असल्या घरात नवा दिवा रस्त्यावर झिजू देतील का? वेल्डिंग करून टाकायचं होतंस.

आता म्हणतात, नशीब. मी दिव्याचं नाव काढलं तर मामंजी म्हणाले, "ह्याच घरात नांदायचंय ना तुला?" माझा नवरा जमिनीकडे बघत बसला.

दादा, तुझ्या माथी हा दोष मी लागू देणार नाही. ट्रॉलीला दिवा नव्हता, तो कुणी काढला आणि कुठे ठेवला, हे उद्या मामंजींच्या समोर सांगणार आहे. आईला निरोप धाडलाय, उद्या माझंही अंथरूण घालून ठेव म्हणून.

तुझीच,
शालन