दुधनाकाठचं बाभूळबन

वालूर, मार्गशीर्ष, फसली १३५३

प्रिय उमा,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, मी बरा आहे. दिनकररावांना नमस्कार. जावयाला हा माझा पहिलाच नमस्कार, हे मला ठाऊक आहे.

बातमी अशी, की शेती विकली. गुडघे आता बांध चढू देत नाहीत, आणि तुझा चुलतभाऊ वीरुपाक्ष परभणीला राहायला बोलावतो आहे. वरचं काळं रान मुंजाजीने घेतलं. तीस वर्षं तोच ते बटईने कसत होता, दुसऱ्या कुणाला देणं मला जमलं नसतं. दुधनाकाठचं बाभूळबन सेलूचे लाकडाचे व्यापारी बन्सीधर घेत आहेत. बाभळीची चाकं टिकाऊ होतात म्हणाले. एवढी वर्षं मी त्या बनात फिरलो, पण मला तिथे कधी चाकं दिसली नाहीत.

परवा सकाळी त्यांना आणि मोजणाऱ्याला हद्द दाखवायला गेलो. नदीवरचं धुकं झाडांत अडकून राहिलं होतं. पिवळी फुलं गळून वाट इतकी मऊ झाली होती, की आपलेच पाय वाजत नव्हते. मुंजाजी त्यांना घेऊन पुढे, मी काठी टेकत मागे. चालता चालता मला वाटू लागलं, की शेजारच्या झाडांमधून आणखी कुणीतरी माझ्याच चालीने येतं आहे. मी थांबलो की तेही थांबायचं. भीती वाटली नाही. उलट ते निघून जाऊ नये म्हणून मी हळू चाललो. लहानपणी तू याच झाडांचा डिंक खरवडून आईच्या ओच्यात टाकायचीस. धुक्यात मला तो ओचा दिसला, त्याचा हिरवा काठही दिसला. तिचं हसणं मात्र कितीही कान दिला तरी ऐकू आलं नाही.

तिची समाधी बनाच्या टोकाला आहे. आपल्यात गेलेल्या माणसाला मातीत बसवतात, त्यामुळे रान विकताना माणूसही विकल्यासारखं होतं. मी अडखळतच बन्सीधरांकडे तेवढा तुकडा मागितला. त्यांनी तिथल्या तिथे मोजणाऱ्याला सांगितलं, की ही जागा आणि इथवरची पायवाट सोडून मोजा. भोवतीच्या पाच बाभळींना कुऱ्हाड लावणार नाही, हेही ते आपणहून बोलले. तुकडा कुणाच्या नावावर लावायचा, असं मोजणाऱ्याने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

सगळे गेल्यावर मुंजाजी समाधीपाशी बसला, हाताने पाचोळा सारला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जमीन द्यायलाव तुमी, लय चांगलं. पर उमाताईला त्या दिसाचं सांगितलं का?"

मी नाही म्हटलं.

"मंग आदी ते सांगा. बैल म्या जुपले हुते, आन सोडले बी म्याच. सात वर्सं झाली, ते इसरणं हुत न्हाई, आप्पा."

दोन दिवस दौत समोर ठेवून बसलो आणि आज लिहायला घेतलं.

आई गेली तेव्हा मी तुला कळवलं होतं, की गोदावरीला पूर होता, नावा बंद होत्या, म्हणून सोनपेठला निरोप पोचला नाही. उमा, पूर नव्हता. पाणी केव्हाच उतरलं होतं. आई दोन दिवस तुझं नाव घेत होती. तुला आणायला मुंजाजीने गाडी जुंपली, आणि मी दारात जाऊन बैल सोडायला लावले. जातीबाहेर लग्न करून गेलेल्या मुलीचं या घरात काही उरलेलं नाही, असं मी मोठ्याने बोललो. आत आईने ते ऐकलं, आणि त्यानंतर ती बोलली नाही. तू सात वर्षं नदीला दोष देत असशील. तो माझा आहे. जमिनीच्या तुकड्याने हे फिटत नाही, आणि माफी मागून तुला अडचणीत टाकायचं नाही. पौष शुद्ध पंचमीला पाथरीत बैनामा, म्हणजे खरेदीखत आहे. त्या तुकड्यासाठी तुझी सही लागेल. आदल्या दिवशी मुंजाजी गोदावरीच्या अलीकडच्या काठाला गाडी घेऊन उभा राहील. आलीस तरी माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही. पण एक गोष्ट तुझी आहे, ती इतकी वर्षं मी दाबून ठेवली. गाडी जुंपल्याचा आवाज आला तेव्हा आईने डोळे उघडले होते. ती म्हणाली, "उमा भुकेली येईल. तिला आधी जेवू घाला, मग माझ्याकडे पाठवा."

तुझाच,
आप्पा