नाडीच्या परिच्छेदाला कुलूप

४ फेब्रु.
कॉलेजातून आलो, चहा व्हायच्या आत ऑनलाइन ज्ञानकोश उघडला, कुणीही लिहावं-खोडावं असा. 'आनुवंशिकता' लेखात पुन्हा तोच परिच्छेद. "वधूवरांची नाडी भिन्न असल्यास संततीस आनुवंशिक आजार होत नाहीत, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे." संदर्भ कशाचा, तर लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटचा. लिहिणाऱ्याचं नाव नक्षत्रप्रेमी. काढून टाकला. बारावीला जीवशास्त्र शिकवून घसा बसतो, वर हे फुकटचं झाडू मारणं. एका लेखात गुणसूत्र, दुसऱ्यात रंगसूत्र, तिसऱ्यात क्रोमोसोम. ते सारखं करायचं राहिलंय ते राहिलंच.

५ फेब्रु.
न.प्रे.ने परत टाकला. काढला. परत टाकला. चर्चापानावर मला उद्देशून, "आपल्या संस्कृतीची लाज वाटते का?" उत्तर लिहिलं, पुसलं. शिसारी आली.

मंद्रूपहून अक्काचा फोन. तिच्या पल्लवीचं लग्न जमलं. मुलगा माळशिरसचा सागर, दाजींच्या सख्ख्या बहिणीचा. अक्का खूश, मी नाही. पल्लवी थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची नुसती वाहक. लोहाच्या गोळ्या खाऊन रक्त वाढेना तेव्हा मीच तपासायला लावलं होतं. तिला स्वतःला काही त्रास नाही. पण हे दाजींच्या घराण्यातून आलं असेल तर सागरमध्येही असू शकतं. दोघंही तसेच निघाले तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता, मूल जन्मभर दुसऱ्याच्या रक्तावर. सागरची एक रक्ततपासणी, बस.

८ फेब्रु.
मंद्रूपला जाऊन आलो. दाजींनी मोबाइलच पुढे केला. "मास्तर, हितं काय लिवलंय बगा की. नाडी येगळी आसली की कायबी व्हत न्हाय. माज्या भनीच्या पोराचं रगात तपासायचं व्हय?"

तोच परिच्छेद. वर वाटाण्याच्या रोपांवरचे प्रयोग मी लिहिलेले, खाली हे. माझ्या चांगल्या वाक्यांच्या जिवावर ते खोटं खपतंय. तिथेच ओट्यावर बसून काढलं.
"तुमी काडलं म्हंजी खोटं झालं व्हय?"
पल्लवी दारात उभी राहून ऐकत होती.

९ फेब्रु.
न.प्रे.ने परत टाकला आणि ज्ञानकोशावर देखरेख करणाऱ्या प्रचालकाने लेखालाच कुलूप घातलं. महिनाअखेरपर्यंत कुणी हात लावायचा नाही. परिच्छेद आत, मी बाहेर. त्यांचं म्हणणं, "उलटापालट दोघांनी केली, नियम दोघांना सारखा. मजकूर बरोबर की चूक हे मी ठरवत नाही." ठरवत नाही! मग ज्ञानकोश कशाला, चावडी काढा. चर्चापानावर पुस्तकांचे संदर्भ टाकलेत. वाचतंय कोण. खातं बंद करून टाकावं असं वाटतंय.

११ फेब्रु.
दाजींचा फोन, आवाज लग्नघराचा. "मास्तर, आता तर त्याला कुलपाचं चित्र आलंय! वरच्या सायबानं बंद केलंय, कुनी खोडू नये म्हनून. पक्कं झालं की!"
"दाजी, ते भांडण थांबवायचं कुलूप आहे." लई हसले.
वर्गात पोरांवर उगाच ओरडलो. वीट आलाय सगळ्याचा.

१३ फेब्रु.
अक्काचा फोन, दबक्या आवाजात. पल्लवीने स्वतःच सागरला सांगितलं, तपासल्याबिगर साखरपुडा न्हाय. "मामा खोटं सांगनार न्हाय, म्हनली." दाजी जेवले नाहीत.

पोरीचा अभिमान वाटला. भीतीही वाटली. उद्या काही निघालं तर बोल तिलाच लागणार.

१५ फेब्रु.
सागर इथे शहरात आला. घरी सांगितलं म्हणे, नवी पेठेच्या बाजारात कापड बघायला चाललोय. लॅबमध्ये रक्त दिलं. सरळ पोरगा. रिक्षात विचारतो, "सर, ते नाडीचं खोटं हाय ना? मग कुलूप कशापायी लावलंय?" "लावणाऱ्याला विचार," म्हणालो, आणि स्वतःचाच राग आला.

रिपोर्ट परवा. चर्चापानावर माझ्या संदर्भांखाली न.प्रे.ने हात जोडल्याचं चित्र टाकलंय, बाकी काही नाही.

रिपोर्ट वाईट आला तर दाजींच्या लेखी दोष माझ्या तोंडाचा. चांगला आला तर म्हणणार, बघा, नाडी वेगळी होती. मग तो परिच्छेद त्यांच्या डोक्यातून जन्मात हलायचा नाही. नाही हलला तर नाही. रिपोर्ट चांगला येऊ दे.